दोनच सीटांची गाडी

चढावर गाडीतून उतरून चालावं लागलं, याचं शर्वरीला एवढं काही वाटलं नव्हतं. पण घामाघूम होऊन ती वर पोचली, तेव्हा बॉनेटला टेकून उभा असलेला तिचा नवरा जयेश म्हणाला, "बघ, तू उतरलीस तशी गाडी कशी सरसर चढली!" हे मात्र तिला लागलं. मांडूहून इंदूरला परत येईपर्यंत ती जयेशशीही बोलली नाही आणि गाडीशीही.

गाडी लाल, ठेंगणी, वरून उघडी आणि दोनच सीटांची होती. जयेशने ती भोपाळच्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतली होती. भोपाळहून आणताना ती वाऱ्यासारखी पळाली, असं तो शपथेवर सांगायचा. घरी आल्यावर मात्र तिचा दम उखडला. सपाट रस्त्यावर ठीक चालायची, उड्डाणपूल दिसला की कुरकुरायची, आणि मांडूच्या चढावर तर तिने सरळ हात टेकले.

रात्री जेवताना शर्वरीने सासूबाईंकडे, म्हणजे भानुमतीबाईंकडे, तक्रार केली. "आई, तुमच्या मुलाने आज मला ओझं म्हटलं."

"मी कुठे म्हटलं यार? मी फक्त सरसर म्हटलं!"

"एकच आहे ते," भानुमतीबाई म्हणाल्या. "आणि गाडी चढली नाही म्हणजे काय? मी तर पूजा बराबर केली होती."

ती पूजा जयेशला चांगली आठवत होती. गाडी दारात आली त्या दिवशी भानुमतीबाई लिंबू-मिरची घेऊन धावत आल्या होत्या. जयेशने त्यांना अडवलं होतं. "आई, ही स्पोर्ट्स कार आहे. हिला काही लटकवायचं नाही. फालतू दिसतं." भानुमतीबाई "बरं" म्हणून गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसल्या की त्यांनी काहीतरी ठरवलेलं असतं, हे त्यांच्या मुलाला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

शर्वरीने ताट बाजूला सरकवलं. "ऐक जयेश. लग्नाच्या वाढदिवसाला आपण पुन्हा मांडूला जाऊ. त्या चढावर मला एक पाऊल जरी खाली ठेवावं लागलं, तर ही गाडी विकायची आणि चार दरवाजांची घ्यायची. आईसुद्धा बसतील अशी."

"आणि नाही उतरावं लागलं तर?"

"तर मी जन्मात हिचं नाव काढणार नाही."

"मंजूर!" जयेश म्हणाला. वाढदिवसाला दोन महिने होते.

दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी सांवेर रोडला ज्ञानदीपच्या वर्कशॉपमध्ये नेली. ज्ञानदीप मूळचा महूचा. त्याचे आजोबा तिथे फौजेचे ट्रक दुरुस्त करायचे, आणि कान लावून इंजिनाचं दुखणं ओळखायची विद्या त्याला त्यांच्याकडूनच मिळाली होती. त्याने बॉनेट उघडलं, मान वाकडी केली आणि डोळे मिटून ऐकलं.

"भिया, हिला सर्दी झालीये वाटतं. एकदा खोलून बघू द्या ना."

"सर्दी-बिर्दी काही नाही रे. हजार सीसीचं इंजिन आहे, त्यात दमच नाही. तू सोळाशेचं टाक."

"पण आधी पाच मिनिटं—"

"पाच मिनिटं पण नको! जुन्याला हात लावू नकोस. नळ्या-बिळ्या सगळ्यासकट जसं आहे तसं काढ आणि ठेव त्या कोपऱ्यात."

ज्ञानदीपने खांदे उडवले. "गाडी तुमची, भिया."

आता छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं म्हणजे एक उचलून दुसरं ठेवलं, एवढं सोपं ते काम नाही. तुमच्या चपलांच्या जागी बाबांचे बूट घालून पाहा, म्हणजे कळेल. पाय पुढे जातो, बूट मागे राहतो आणि तुम्ही तिसरीकडेच पडता. एका अपघातग्रस्त गाडीतून काढलेलं सोळाशे सीसीचं इंजिन आत उतरवलं, तर ते बॉनेटच्या वर चार बोटं उरलं. म्हणून बॉनेटला भोक पाडलं, आणि हवा घ्यायच्या नळीचं तोंड त्या भोकातून बाहेर डोकावू लागलं. मोठं इंजिन तापतंही जास्त, म्हणून रेडिएटर मोठा आणला. तो बॅटरीच्या जागेवर बसला. बॅटरी उठून डिकीत गेली, आणि डिकीत जेवणाच्या डब्यापुरतीही जागा उरली नाही. नाक जड होऊन गाडी स्पीडब्रेकरवर जमीन हुंगू लागली, म्हणून पुढे जाड स्प्रिंगा घातल्या. मग नाक इतकं वर आलं की दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडायचा सोडून कडुनिंबाच्या शेंड्यावर पडू लागला.

"पक्षी उठतील भिया," ज्ञानदीप म्हणाला आणि दिवे खाली वळवू लागला.

शेवटी गिअरबॉक्स. तो इतका लांब होता की डाव्या सीटवर बसणाऱ्याने पाय ठेवायचे, तिथे त्याने चांगला उंचवटा केला. शर्वरीला बसवून बघितलं तेव्हा तिचे दोन्ही गुडघे दाराकडे गेले आणि तोंड जयेशकडे.

"मी अशी तिरकी बसून मांडूला जायचं?"

"उलट छान आहे ना! सारखी माझ्याकडे बघत राहशील."

"आणि हे पायाला चटके कसले बसतायत?"

"थंडीत बरं वाटेल," जयेश म्हणाला.

आरटीओच्या खिडक्यांवर जयेशने आठवडा काढला, पण नव्या इंजिनाची नोंद एकदाची झाली. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याने आणि ज्ञानदीपने गाडी बायपासवर नेली. उड्डाणपूल आला आणि कळलाही नाही. ज्ञानदीपने दोन्ही हातांनी सीट पकडली होती. "भिया, बस! ही आता गाडी नाही राहिली, रॉकेट झाली. उद्या वहिनी उतरायचं म्हटल्या तरी उतरू शकणार नाहीत."

त्या रात्री जयेश गाढ झोपला.

सकाळी भानुमतीबाई पूजेचं ताट घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या. "नवीन इंजिन आलंय. हळद-कुंकू तर लावू दे."

"लाव. पण लटकवायचं काही नाही."

"बरं," म्हणाल्या भानुमतीबाई, आणि गप्प बसल्या.

जयेश गॉगल शोधायला आत गेला. शर्वरी वेणी घालत होती. अंगणात भानुमतीबाई आणि गाडी, दोघीच होत्या.

महू गेलं, मानपूर गेलं. सपाटीवर गाडी ठीक होती. कालच्यापेक्षा थोडी सुस्त वाटत होती, पण जयेशने ते शर्वरीच्या वजनावर ढकललं आणि शहाणपणाने मनातच ठेवलं. मांडूचा चढ सुरू झाला. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर सोळाशे सीसीचं इंजिन खोकलं. तिसऱ्यावर ते धापा टाकू लागलं, आणि गाडी बरोबर त्याच वळणावर येऊन थांबली, जिथे मागच्या वेळी शर्वरी उतरली होती आणि जिथे भुट्टे भाजणारी बाई बसायची.

"आ गए बहनजी?" बाईने शर्वरीसाठी स्टूल पुढे केलं. "मैं बोलूं, इस बार देर लगी आने में."

शर्वरीने दाराच्या कडीवर हात ठेवला.

"उतरू नकोस!" जयेश ओरडला. "शर्वरी, उतरू नकोस हं!"

"गाडी मागे जातेय, जयेश!"

"जाऊ दे! तू उतरू नकोस! मी उतरतो!" हँडब्रेक ओढून तो उडी मारून उतरला. भुट्टेवालीनेच चाकामागे दगड लावला. शर्वरी आपले तिरके गुडघे धरून गाडीत बसून राहिली. जयेशने ज्ञानदीपला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे ज्ञानदीप, मरतेय ही! काल तर उडत होती!"

"आवाज ऐकवा भिया." जयेशने फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडे ज्ञानदीपने डोळे मिटले. "भिया, सर्दी! तीच जुनी सर्दी! नळीत काहीतरी अडकलंय. पळणाऱ्या माणसाच्या नाकावर रुमाल दाबला तर काय होईल? चालेल तो, पण धावणार कसा? इंजिन बंद करा आणि हात घालून बघा."

जयेशने हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि अडकला. जिथे भोक पाडूनही इंजिन कसंबसं मावलं होतं, तिथे जयेशचा हात कुठून मावणार? कसाबसा ओढून काढला तेव्हा हाताला वंगण होतं आणि बोटांना काहीतरी मऊ लागून गेलं होतं.

"आहे काहीतरी आत. पण हात जात नाही."

"माझा जाईल," शर्वरी आतून म्हणाली.

जयेश वळला. तिने बांगड्या वर सारल्या होत्या आणि बारीक मनगट त्याला दाखवत होती.

"पण त्यासाठी मला उतरावं लागेल. काय करू? बसू की उतरू?"

खाली दरी होती, वर मांडू होतं आणि मध्ये त्याची लाल गाडी. जयेशने एकदा तिच्या बॉनेटवरून हात फिरवला. "उतर," तो म्हणाला.

शर्वरी उतरली. तिने कोपरापर्यंत हात घातला, जरा हलवला आणि ओढला. हातात आली एक लाल कापडाची पोटली. आत खजराण्याच्या गणपतीचा अंगारा, सुपारी, हळकुंड आणि झेंडूचं एक ताजं फूल.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. मग शर्वरीने घरी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मिळाली का?" भानुमतीबाई आनंदाने म्हणाल्या. "बरं झालं. मला वाटलं, वाटेत पडते की काय. घट्ट बसवली होती तरी."

"आई," जयेशचा आवाज बारीक झाला होता, "आधीच्या इंजिनातही तू—?"

"हो तर! तिथे पण अशीच गोल नळी होती. देवाची वस्तू बेटा, कुठेही थोडीच ठेवायची?"

"अगं, गाडी तिथून श्वास घेते!"

"मग ते मला कधी सांगितलंस? लटकवू तू देत नाहीस. बाहेर दिसलं की फालतू दिसतं. आणि सीटा दोनच. मला काही जागा नाही त्यात. म्हटलं, माझ्याकडून निदान एवढं तरी तुमच्याबरोबर फिरून यावं."

निखाऱ्यावर भुट्टा तडतडत होता.

"आई, ठेवते हं," शर्वरी म्हणाली. तिने पोटली नीट पर्समध्ये ठेवली आणि तिरकी होऊन गाडीत बसली. "गाडी वळव."

"अगं, आता चढेल ना ती! मांडू?"

"मांडू पळून नाही जात. आधी ज्ञानदीपकडे चल."

वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या इंजिनाच्या नळीत ज्ञानदीपने पक्कड घातली. दुसरी पोटली निघाली. तिच्यातल्या झेंडूचा चुरा झाला होता. "मी म्हटलं होतं ना भिया, पाच मिनिटं द्या," तो एवढंच म्हणाला. जयेशने त्याला दोनदा हात जोडले.

पुढच्या महिन्यात तेच हजार सीसीचं इंजिन परत बसलं आणि नोंदीसाठी जयेश पुन्हा खिडक्यांपुढे उभा राहिला. बॅटरी डिकीतून घरी परतली, उंचवटा गेला आणि डावी सीट पुन्हा सरळ झाली. बॉनेटचं भोक तेवढं राहिलं. त्यावर ज्ञानदीपने पत्र्याचं ठिगळ मारलं. रंग थोडा वेगळाच आला.

"शर्त मी जिंकले," शर्वरी म्हणाली. "पण गाडी नाही विकायची. चावी दे."

रविवारी सकाळी ती गाडी चालवायच्या जागेवर बसली. डाव्या सीटवर भानुमतीबाई होत्या. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना जयेशचा गॉगल आणि मांडीवर थालीपिठांचा डबा. जयेश फाटकापाशी उभा होता. तिसरी सीट नव्हतीच. एकदम त्याला काहीतरी आठवलं. तो आत धावला आणि देवघरातून लाल पोटली घेऊन आला.

"आई, ही राहिली! डॅशबोर्डवर ठेव. दिसली तरी चालेल."

भानुमतीबाईंनी गॉगल जरा खाली केला आणि पोटली त्याच्याच हातात परत दिली.

"तुझ्याजवळ राहू दे बेटा. आज मी स्वतः जातेय ना!"