कन्याकुमारीला काही काम

भालेरावकाका आग्र्याला तीनदा जाऊन आलेत आणि ताजमहाल त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. आग्र्याचं विचाराल तर ते कोर्टामागच्या कचोरीवाल्याची आख्खी वंशावळ सांगतील. ताजमहालाचं काढलंत की म्हणतात, "त्या साइडला आपलं काम नव्हतं."

आपलं काम म्हणजे अर्थात दुसऱ्याचं. कॅम्प पाच म्हणतात त्या वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीही परगावी निघालं, की काकांना आधी वास लागतो. कुणाला मुलगी बघायला जालन्याला जायचं असतं, कुणाला सातबाऱ्यासाठी राजापूरला. काका जिन्यातच गाठतात. "एक सीट रिकामी जाते काय?" आपण हो म्हणेपर्यंत त्यांच्या पायात चपला असतात. जालन्याला तर मुलीकडच्यांनी मुलाच्या बापाला सोडून काकांनाच शाल पांघरली.

खालच्या जीन्सवाल्या पप्पूशेठचा माल एकदा इंदूरला अडकला. "काका, चलो ना साईं, उधर झगडा करना पडेगा," एवढंच तो म्हणाला. काका भांडायला म्हणून गेले आणि समोरच्या व्यापाऱ्याच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण घेऊन आले. माल दोन दिवसांनी मागून आला.

माझा भाऊ अपघात होऊन सोलापूरला दवाखान्यात पडला, तेव्हाही काका आले. तीन दिवस बाकावर बसून होते. धीर वगैरे दिला नाही, फक्त सोलापूर ते कल्याण सगळी स्टेशनं क्रमाने म्हणून दाखवली आणि दर दोन तासांनी मला चहा पाजला. मी आभार मानायला लागले तर खेकसले, "परगावात माणसाला एकटं सोडू नये. निदान बॅग धरायला तरी कोण पाहिजे! नायतर माणूस मुतारीत जाणार कसा?"

काकांनी लग्न केलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर होऊन एका खोलीत राहतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी रेल्वेचा भलामोठा नकाशा. नकाशासमोर उभे राहिले की त्यांचं बोट आपोआप खाली खाली सरकतं आणि टोकाला जाऊन थांबतं. "इथं जमीन खलास! पुढं पाणीच पाणी, तिन्ही बाजूंनी! बघायला पायजे की नाय एकदा?" सत्तरीचा माणूस, पण डोळे असे चमकतात की आपल्यालाही उठून निघावंसं वाटतं. अडचण एकच. आमच्यापैकी कुणाचंच कन्याकुमारीला कधी काम निघालं नाही.

म्हणून त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला आम्ही बिल्डिंगवाल्यांनी मिळून थेट कन्याकुमारीचं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. काका अक्षरशः नाचले! पुढचे आठ दिवस विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत एकाही ओळखीच्या माणसाला सांगायचं त्यांनी सोडलं नाही. नवी टोपी घेतली. सूर्य समुद्रातून उगवताना आणि समुद्रातच मावळताना दोन्ही दिसतो का, हे मला चारदा मोबाइलवर बघायला लावलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच ते दारात उभे. हातात तिकीट.

"जय भीम, सुनीता. हे कॅन्सल कर."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत टकाटक आहे. पण गाडीत समोरचा विचारतो ना, कशाला चाललात? त्याला काय सांगू?"

"सांगा, फिरायला."

"एकटाच?"

वीस वर्षं या माणसाला ओळखते. आमच्यापैकी प्रत्येकाबरोबर ते कुठे ना कुठे जाऊन आले होते, पण त्यांना कुठे जायचंय का, आणि कुणाबरोबर, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तिकीटसुद्धा आणलं ते एकच. मला माझीच लाज वाटली.

काका फरशीकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "तुझं तिकडं काय काम निघत नाय का गं?"

मी अंबरनाथच्या एका शाळेत क्लार्क. माझं काम पंचायत समितीच्या पलीकडे कधी गेलेलं नाही.

"निघालंय ना, काका," मी म्हटलं. "तुम्हालाच विचारायला येणार होते."

काका ताडकन ताठ झाले. काम कसलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"मग आधी नाय का सांगायचं, येडे! चल, तुझं तत्काळमध्ये बघू. आणि हे बघ, लांबचा प्रवास आहे म्हणून टेन्शन घ्यायचं नाय. मी आहे ना सोबत!"