काचेमागे लाल-निळं

साहेब, खोटं बोलता तुम्ही! टेकचंदनं धाड टाकणाऱ्या सरकारी पथकाचं सोंग घेतलं, असं गावभर सांगत सुटला आहात. अहो, ज्या माणसाला शाळेच्या नाटकात झाडाचं काम मिळालं होतं आणि मध्येच शिंकल्यामुळे तेही गेलं, तो काय सोंग घेणार? तुम्ही धान खरेदी केंद्राच्या खुर्चीवर बसता म्हणून तुमचंच खरं, हे इथं चालायचं नाही. मी टेकचंदच्या वतीनं बोलायला आलोय; झालं ते असं झालं.

दवनीवाड्याच्या टेकचंदनं यंदा एक जुनी पांढरी कार घेतली. कार दारात आली आणि त्याचा जगावरचा विश्वासच उडाला. सकाळी उठला की आधी चारही चाकं मोजायची, मग चूळ भरायची! त्यात एका वरातीत त्यानं आतून रंगीत एलईडी पट्ट्या लावलेली गाडी पाहिली आणि तो पेटलाच.

"मेकॅनिकच्या हाती गाडी देली का आतला माल बदलते," तो बायकोला, निर्मलाबाईंना म्हणाला. "आपुनच लावू. दोन वायरा त रायते! त्यात का रॉकेट उडवाचं आहे?"

निर्मलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "लायटी कायले पायजे पन? या वयात कोनाले बसवाचं आहे गाडीत?"

"तुलेच व!"

"मले त अंधारातबी दिसते."

गोंदियाच्या दुकानातून टेकचंदनं एक लाल आणि एक निळी अशा दोन पट्ट्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "भैया, फिटिंग फ्री में कर देते हैं." फुकटात! टेकचंद जागीच सावध झाला. फुकट काम करणारा माणूस बॅटरी काढून घेतल्याशिवाय राहणार नाही. पट्ट्या काखोटीला मारून तो तडक घरी आला.

आधी डॅशबोर्ड चमकावा म्हणून त्यानं तो खोबरेल तेलानं पुसला. मग तेलावर पट्टी चिकटेना, तर दुकानदारानं डिंकच खोटा दिला म्हणून त्याला शिव्या घातल्या. शेवटी झटपट चिकटणारा गोंद आणला. त्यानं काचेखाली पट्टी चिकटली आणि सोबत टेकचंदचा अंगठाही! अर्धा तास तो डॅशबोर्डवर हात ठेवून असा बसला होता, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं गाडीची शपथ घेऊन राहिला. निर्मलाबाईंनी गरम पाणी ओतून त्याला सोडवला.

आता वायरा. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं तर आत शेवयांचं पातेलं सांडल्यासारखा गुंता! टेकचंदनं हाताला लागल्या त्या वायरा सोलल्या. लाल पट्टी जोडली गेली डाव्या इंडिकेटरला आणि निळी उजव्याला.

"पाह्य! डावीकडं वळलो का लाल, उजवीकडं वळलो का निळी!" त्यानं जाहीर केलं. चूक? छे, त्याचा तो शोध होता!

इकडे टेकचंदचे ऐंशी कट्टे, म्हणजे पोती, धान तुमच्या खरेदी केंद्राच्या आवारात अकरा दिवसांपासून पडून होते. गुरुवारी वजनकाट्यावर त्याचा नंबर होता. नंबर हुकला की नाव यादीच्या शेपटाला. आपली पाठ फिरली की साहेबांची माणसं कट्टे उसवतात, असा त्याला संशय, म्हणून चुलतभाऊ बकाराम राखणीला ठेवलेला. आणि बकारामवरही संशय, म्हणून टेकचंद रोज सकाळी सात वाजता स्वतः कट्टे मोजायला जायचा.

गुरुवारी धुकं असं, की गाडीचं बोनेट दिसेना. धुक्यात सगळे करतात तेच टेकचंदनं केलं. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम चालू केले. काचेमागे लाल-निळा उजेड भकभकायला लागला. टेकचंद खूश! अशा थाटात त्यानं गाडी केंद्राच्या फाटकातून आत घातली.

आत काट्याला एक ट्रक लागलेला. हमालांनी गाडीकडे पाहिलं आणि कट्टे पाठीवरून टाकून धूम ठोकली. ट्रक ताडपत्री फडफडवत मागच्या फाटकातून पसार झाला. आणि साहेब, तुम्ही? तुम्ही पँट घालूनही धोतर सावरल्यासारखे धावत शेताचा बांध चढलात!

टेकचंदला वाटलं, बिबट आला! काचा वर करून, दारं लावून तो हॉर्न दाबत बसला. हॉर्न ऐकून पळणारे आणखी जोरात पळाले.

बकारामनं येऊन काचेवर थापा मारल्या. "काऊन बोंबलून राहिला बे?"

"बिबट कुठं आहे?"

"कायचा बिबट! धाड आली म्हनून पराले सारे!"

"धाड? बापा! कुठं आहे धाड?"

"तुह्या गाडीत!"

टेकचंदनं घाबरून मागच्या सीटवर पाहिलं.

काट्याच्या खोलीची चावी तुमच्या खिशात. त्यानं तुम्हाला फोन लावला.

"साहेब, मी टेकचंद जी. धाड-बीड काही नाही, माह्या गाडीच्या लायटी आहेत."

"बाजूला कोण आहे तुमच्या?" तुम्ही कुजबुजलात.

"बकाराम."

"कोणत्या खात्याचा?"

"कोन्याच नाही जी! चुलतभाऊ आहे."

"ते पथकवाले वदवून घेऊन राहिले तुमच्याकडून! आधी लायटी बंद करा."

टेकचंदनं बंद केल्या.

"आता दबा धरून बसले!" असं म्हणून तुम्ही फोन कापलात. दिवसभर बंदच.

दुपारपर्यंत तेवीस शेतकरी जमले. काटा बंद, साहेब गायब! केशोराव टेकचंदच्या अंगावर धावून गेला, "माहाबी नंबर होता आज! काटा बंद पाडाले साहेबानं का चारलं बे तुले?" झालं! सकाळी धाडवाला असलेला टेकचंद दुपारी तुमचा माणूस ठरला.

संध्याकाळी घरी निर्मलाबाईंनी विचारलं, "झाला काटा?"

"नाही. साहेब पराले."

"कोनाले पाहून?"

"मले."

"हात्! गल्लीतलं कुत्रंबी सरकत नाही तुमाले पाहून! खरं सांगा, कुठं गेल्ते?"

दुसऱ्या दिवशी तुमचा सही-शिक्क्याचा कागद आला. टेकचंद तोतया! त्याचा नंबर रद्द, नाव यादीच्या शेवटी. लेखी खुलासा तीन दिवसांत.

हा घ्या खुलासा, सोबत आणला आहे. लायटी त्याच्या, वायरा चुकल्या, अंगठा अजून चुरचुरतो. पट्ट्या काढल्या, तर डॅशबोर्डचं सालपटही निघून आलं. कट्टे अजून उघड्यावर आहेत. हे सगळं त्यानं कबूल केलं. खाली निर्मलाबाईंनी एक ओळ लिहायला लावली, ती मी मोठ्यानं वाचतो, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायला नको:

केंद्राच्या पाटीवर वेळ दहा ते पाच आहे. मग सकाळी सात वाजता काट्यावर तो ट्रक कोणाचा होता? लेखी खुलासा द्या. तीन दिवसांत!