कापलेल्या कडा

फोरमननी वाफेच्या इस्त्रीयंत्राची चावी डावीकडे वळवली आणि लाँड्रीतल्या चाळीस कडक चादरींना आंघोळ घडली. मालकही कोरडा राहिला नाही.

"अहो, हे काय केलंत? तीस वर्षं हे धूड तुम्हीच सांभाळलंत ना?"

"यात डावीकडे लिहिलंय," फोरमननी ई-रीडर पुढे केला.

खरं तर त्यांचा हात सवयीनं उजवीकडेच चालला होता. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी बोलावलेलं, त्यात लेकीनं हौसेनं घेऊन दिलेली नवी वस्तू. मिरवल्याशिवाय राहवेना! यंत्राच्या जुन्या पुस्तकाला वाळवी लागली, तेव्हा लेकीनं पान न पान स्कॅन करून पीडीएफ केली आणि पुस्तक रद्दीत घातलं. पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, त्यावरही तिनंच इलाज केला होता.

फोरमननी तिला फोन लावला. "अगं, या पानाच्या कडेला उस्तादांनी काहीतरी लिहिलं होतं. ते कुठाय?"

"त्या पेन्सिलीच्या रेघोट्या? कडा कापल्या मी. त्याशिवाय अक्षर मोठं होईना."

उस्तादांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांनीच फोरमनच्या हातात पहिला पाना दिला. त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. मागे उरलं होतं ते एवढं अक्षर. फोरमन ओल्या चादरींवरच मटकन बसले.

अर्ध्या तासात लेक लॅपटॉप घेऊन धावत आली. "बाबा, रडताय काय! पीडीएफमध्ये कापलेलं जात नाही, नुसतं झाकलं जातं."

तिनं कडा उघडल्या. 'छापणाऱ्याची चूक. उजवीकडे वळव, नाहीतर मालकाला आंघोळ.'

"म्हणजे हे आधीही झालंय?" मालकानं विचारलं.

"तेव्हा मालक तुमचे वडील होते," फोरमन म्हणाले.

फोरमनचा जीव भांड्यात पडला. ते पानं उलटत राहिले. 'हात पुसून पान उलट.' 'घाई कशाला? यंत्र पळून जात नाही.' एका पानावर यंत्राशी काडीचा संबंध नसलेलं, 'आधी जेवून घे.' फोरमननी ते दोनदा वाचलं.

"पण आता अक्षर पुन्हा बारीक झालं," लेक म्हणाली.

"मग मधलं छापील झाक. कडा तेवढ्या मोठ्या कर."

"अहो बाबा, यंत्राची माहितीच दिसणार नाही!"

"न दिसू दे. ती मला पाठ आहे."

मालक चादर पिळायचा थांबला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला.