इंगोले सरांकडे शपथ चालत नाही

पुसदच्या इंगोले सरांकडे नवराबायको गेले की ते दारूचं नावच काढत नाहीत. आधी नवऱ्याला विचारतात, "वहिनीच्या चपलेचा नंबर किती?" माझा नवरा छताकडे बघत बसला. चौदा वर्षांचा संसार, आणि उत्तर काय, तर "काळी असते."

"रंग नाही इचारला भाऊ. कायले फेकून राह्यले?"

'कायले फेकून राह्यले' हे सर दिवसातून शंभरदा म्हणत असतील. खताच्या दुकानावरची ती खोली, फवारणीच्या औषधांचा उग्र वास, आणि समोर हा माणूस. समुपदेशक म्हणे! मला वाटलं होतं, कोणी मऊ आवाजाचा, धीर देणारा असेल. मी रडायला लागले तर यांनी पंखा वाढवला. "आटपा वहिनी, मंग बोलू."

भिंतीवर समाजकार्याची पदवी आणि तिच्याशेजारी सुजलेल्या तोंडाचा एक फोटो. तोही सरांचाच, बँकेतली नोकरी दारूत घालवली तेव्हाचा. नवीन माणूस आला की तो दाखवतातच. "हा मी. आता तुमचं सांगा." बायको तेव्हाच मुलीला घेऊन गेली, त्या दोघी परत आल्याच नाहीत. हेही एसटीची वेळ सांगावी तसं सांगून टाकतात.

मला त्यांचा रागच यायचा. दर बुधवारी महागावाहून धक्के खात यायचं, आणि हे नवऱ्याला होमवर्क काय देणार, तर बायको बोलताना मोबाईल उपडा ठेवा. अहो, माझं घर बुडालंय आणि मोबाईल काय घेऊन बसलात! आमच्याकडे एकच उपाय माहीत, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा. दोनदा लावला होता. दोन्ही वेळा महिनाभर टिकला. म्हणून मागच्या बुधवारी मी आमच्या नऊ वर्षांच्या गौरीची शाळा बुडवून तिला सोबत नेलं. ठरवलंच होतं, आज सरांसमोर शपथ, नाहीतर मी माहेरी.

नवऱ्यानं हात उचलला मात्र, सर ताडकन उठले. "हात खाली! इथं शपथ चालत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही आणलं न पोरीले? काहून आणलं?"

मी उसळलेच. "मग काय करू? तुमच्या चपलेच्या नंबरानं दारू सुटते का?"

"नाही सुटत. शपथेनं बी नाही सुटत. म्या घेतली व्हती, माह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. आठ दिवसांत मोडली. मंग तिले टायफॉइड झाला. तापात मले म्हणे, बाबा, तुम्ही प्याले म्हणून न?"

नवऱ्याची मान खाली. तेवढ्यात गौरीनं अगदी हळू विचारलं, "मग माझा हात बाबांमुळंच मोडला न?"

नागपंचमीच्या झोक्यावरून पडली होती ती, मी सरांना कसंबसं सांगितलं. तेव्हापासून ही पोर मनात हे घेऊन हिंडत होती, आणि मी म्हणे आई! माझी मलाच शिसारी आली.

सर खाली फरशीवर बसले, तिच्याएवढे झाले. "नाही बेटा. बाबा प्याला, ते त्याचं. तू पडली, कारण झोका लय जोरात घेतला. याचा त्याचा काही संबंध नाही."

गौरीनं मान हलवली.

"काही संबंध नाही," सर पुन्हा म्हणाले.

तिनं पुन्हा मान हलवली, दप्तर उचललं आणि बापाचं बोट धरून जिना उतरायला लागली.

मी चपला घालत होते. सर अजून फरशीवरच, गौरी बसली होती त्या जागेकडे बघत.

"काहीच संबंध नव्हता बेटा," ते म्हणत होते.