बोटवाले, खिंडवाले आणि एक हिरवी खोली

खोली रंगवायला एक दुपार लागली. त्या खोलीत राहायला सासऱ्यांना तयार करायला मात्र वर्ष लागलं. सासूबाई गेल्यापासून सासरे शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या घरात एकटे राहत होते आणि "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरून ते बराच वेळ तिथंच बसून राहिले आणि लेकीला हे शेजारणीकडून कळलं. त्या दिवसापासून लेकीने वाद घालणं सोडलं आणि रडायला सुरुवात केली. सासऱ्यांनी उभा जन्म शहर बस चालवली होती. भर रहदारीत त्यांनी कधी कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. लेकीपुढे मात्र त्यांनी ब्रेक लावला.

"येतो," ते म्हणाले. "पण रंग हिरवा हवा. पांढऱ्या खोलीत दवाखान्यात असल्यासारखं वाटतं."

रंग हिरवा झाला. खिडकीशी पलंग आला. न्हाणीघरात धरायला दांडी बसली. ती जावयाने स्वतः बसवली. आधी दोनदा चुकीच्या जागी भोकं पडली, म्हणून तिथं दोन साबणदाण्याही बसल्या.

जावई आकडेवारी कार्यालयात अधिकारी होते. सासुरवाडीत त्यांना 'आकडेशास्त्री' म्हणत, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं ही पदवी आहे असाच त्यांचा समज होता. ते बोटवाले. म्हणजे त्यांचे आजोबा बोटीने या शहरात आले आणि बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले. बायको खिंडवाली. तिचे आजोबा डोंगरातल्या खिंडीतून चालत आले, ते रस्त्यासाठी खडी फोडायला. आता तिसऱ्या पिढीत दोघांची भाषा एक, बसस्टॉप एक, नगरपालिकेला घालायच्या शिव्याही त्याच. तरी लोक बोटवाले आणि खिंडवाले म्हणायचे ते म्हणतच. बोटवाल्यांनी पोरांना शिकवलं. पोरांना डिग्र्या मिळाल्या आणि प्रत्येक डिग्रीने आपापला वेगळा फ्लॅट घेतला. खिंडवाल्यांनी आधी सगळ्यांचे पैसे एकत्र करून घर घेतलं आणि मग त्यात मावतील तितकी माणसं भरली. यातलं कोण पुढे गेलं, हा वाद लोक कोपऱ्याकोपऱ्यावर फुकट घालत असत. तोच आता सरकारने अधिकृतपणे घालायचं ठरवलं. दोन्ही समाजांच्या आर्थिक आणि सामाजिक प्रगतीचा तुलनात्मक अभ्यास निघाला आणि त्यावर बोलायला रेडिओवाल्यांनी आकडेशास्त्रींना बोलावलं.

स्टुडिओतली निवेदिका चुणचुणीत होती. आकडेशास्त्रींनी 'अवलंबित्व गुणोत्तर' म्हणताच तिने हात वर केला.

"सर, आपले श्रोते सकाळी दात घासत असतात हो. जरा सोपं करा ना."

इथं घात झाला. आकडेशास्त्रींनी दशांश चिन्हाच्या पलीकडे कधी जायला नको होतं. पण तरुण मुलीने 'सोपं करा' म्हटलं, आणि त्यांनी केलं.

मुलाखत लागली तो रविवार सासऱ्यांच्या येण्याचा निघाला. ट्रंक अजून दाराशीच होती. सासरे स्वयंपाकघरात चहा पीत होते आणि लेकीने मोठ्या कौतुकाने रेडिओ लावला.

"बाबा, ऐका. यांची मुलाखत आहे."

"अरे वा," म्हणत सासरे खुर्ची पुढे सरकवून बसले.

"आता बघा," रेडिओतले आकडेशास्त्री म्हणाले, "शिक्षणात, उत्पन्नात बोटवाले पुढे गेले. खिंडवाले मागे का राहिले? अगदी सोपं आहे. त्यांच्यात म्हातारी माणसं मुलांकडे राहायला येतात. कमावणारा एक आणि बसून खाणारे चार. म्हातारं माणूस घरात आलं की त्या घराची प्रगती तिथंच थांबते, असं आकडे सांगतात."

यानंतर गाद्यांची जाहिरात लागली. ती सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"आकडे सांगतात का असं?" सासऱ्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बाबा, ते सर्वसाधारणपणे असतं. सरासरी म्हणजे कुणी एक माणूस नसतो."

"पण ट्रंक घेऊन तर एकच आलाय."

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळला, उपडा घातला आणि म्हणाले, "घरी नळ चालू राहिलाय बहुतेक. जाऊन येतो."

"बाबा, आज तुमच्याकडे पाणी येतच नाही," लेक म्हणाली.

"म्हणूनच तर. आलं की वाहून जायचं."

ट्रंकेला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. बसही अशी वेळेवर आली, की एरवी याच बससाठी आकडेशास्त्रींनी तीनदा लेखी तक्रार केली होती हे खरं वाटलं नसतं.

"हे बघ, मी चुकीचं काही बोललो नाही," घरी परतल्यावर ते बायकोला म्हणाले.

"तेच तर. खोटं बोलला असतात तर मी भांडले तरी असते." तिने हिरव्या खोलीचं दार ओढून घेतलं. "वर्षभर रडले मी त्यासाठी. आता रडायचीही सोय ठेवली नाहीत. जिथं बोललात तिथंच जाऊन निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे काय, ते आकडेशास्त्रींना एकाच पद्धतीने माहीत होतं. खिंडवाल्यांची बाजू उजळ दिसेल असा रकाना त्यांनी अहवालात शोधला. तो होताही. निवेदिकेला तर आनंदच झाला. पहिल्या भागावर चिक्कार फोन आले होते, त्यातले बरेचसे शिव्यांचे. बुधवारी दुसरा भाग लागला.

"प्रगती म्हणजे नुसता पैसा नव्हे," या वेळी आकडेशास्त्री म्हणाले. "खिंडवाल्यांच्या घरात म्हातारं माणूस दाराशी बसलेलं असतं, त्या घराला कुलूप लावावं लागत नाही. आणि बोटवाल्यांकडे बघा. दर तिसरी म्हातारी बाई एकटी राहते. मुलगा त्याच शहरात असतो आणि आठवड्यातून एकदा फोन करून औषधं घेतलीस का विचारतो. पैसा आला, पण जवळ बसायला कुणी नाही."

हे बोलताना स्वतःच्या आईचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. त्यांच्या मते आई हा आकडा नव्हता. त्यांची आई निवृत्त मुख्याध्यापिका होती आणि स्वतःच्या फ्लॅटमध्ये, स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या वेळापत्रकाप्रमाणे राहत होती. तिने दुपारीच फोन केला.

"दर तिसरी बाई म्हणजे मी का रे?"

"आई, तुझ्याबद्दल नव्हतं ते."

"बोटवाली, विधवा, पेन्शनर, मुलगा त्याच शहरात. आणि तू आठवड्यातून एकदा फोन करून औषधंच विचारतोस!"

"असे हजारो आहेत गं आई."

"त्या हजारोंच्या दारात वरच्या मजल्यावरची बाई डबा घेऊन आली नाही. मी जेवून हात धूत होते. तरी म्हणते, 'संकोच करू नका हं.' आणि माझा तो वर्गात झोपणारा विद्यार्थी, आता दातांचा डॉक्टर झालाय, त्याचा फोन. 'बाई, दर मंगळवारी तुमच्याजवळ येऊन बसत जाईन.' मला कुणी विचारलंय का, मंगळवारी मला वेळ आहे का म्हणून?"

संध्याकाळी ती दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन दारात उभी राहिली.

"घे. तुझ्या तक्त्यातून एक बाई कमी कर," असं म्हणून ती थेट आत शिरली. सुनेच्या तोंडून 'आई, ती खोली' एवढंच बाहेर पडलं, तोवर मुख्याध्यापिका बाई न्हाणीघरात जाऊन आल्याही होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"दांडी बसवलीत? माझ्यासाठी?" त्या खाली पलंगावर टेकल्या. "आणि मी आपली उगाच भांडायला आले. किती विचार करता गं तुम्ही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने साबणदाण्यांकडे पाहिलं.

"हो आई," सून म्हणाली. "तुमच्यासाठीच."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला खोटं बोलताना आकडेशास्त्रींनी पुष्कळदा ऐकलं होतं. तिने बोलू नये असं मात्र त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

शुक्रवारी कार्यालयात सासऱ्यांचा फोन आला. आवाज एकदम मोकळा होता.

"जावईबापू, बुधवारचं ऐकलं बरं का. आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी ऐकलं. कुलूप लावावं लागत नाही, वा! तेही आकडेच सांगतात का?"

"हो... तेही आकडेच."

"मग मी आपला उगाच रुसलो. म्हातारपणी माणूस हळवा होतो हो. रविवारी येतो. शेजारणीला किल्लीसुद्धा देऊन टाकली."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. आकडेशास्त्रींनी त्यासाठी तोंड उघडलंही. त्यातून "या" एवढंच बाहेर पडलं. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये यासाठी महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या गृहस्थांनी एक खोली दोनदा देऊन टाकली.

बायकोने ऐकून घेतलं. "आता आईंना उठा म्हणू? की बाबांना येऊ नका म्हणू?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तोडगाही काढला. "बाबांना आपली खोली देऊ. आपण हॉलमध्ये झोपू. पण ते यायच्या आत सगळं झालं पाहिजे. लेकीला बाहेर झोपलेलं बघितलं तर ते पायही टाकणार नाहीत घरात."

तोडगा चांगला होता. फक्त गादी दुहेरी होती आणि दार एकेरी. रविवारी सकाळी ती दारात अशी बसली की पुढेही जाईना, मागेही येईना. गादीच्या आतल्या बाजूला बायको, बाहेरच्या बाजूला आकडेशास्त्री, आणि त्यांच्या पाठीमागे, ठरल्या वेळेच्या बरंच आधी, सासरे. शहर बस चालवताना हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"गादी कुठं निघाली?" त्यांनी विचारलं.

"उन्हात," आकडेशास्त्री म्हणाले. बाहेर आभाळ भरलं होतं.

तेवढ्यात हिरव्या खोलीतून मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या. "अगंबाई, व्याही! या, या. मी आता इथंच असते हो. बघा तरी, मुलांनी किती हौसेने खोली केलीय माझ्यासाठी."

सासऱ्यांनी दारातूनच खोली पाहिली. खिडकी पाहिली, पलंग पाहिला, भिंतीवर नजर जरा जास्त वेळ राहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "रंग छान आहे."

"मला खरं तर हिरवा आवडत नाही. पण पोरांनी प्रेमाने दिलाय म्हटल्यावर काय बोलायचं? आणि ही ट्रंक कसली?"

"ही होय? ही दुरुस्तीला चालवलीय. कडी ढिली झालीय. म्हटलं वाटेत डोकावून जावं."

"रविवारी?"

"कडीवाला ओळखीचा आहे."

मुख्याध्यापिका बाईंनी गृहपाठ न केल्याची कारणं ऐकण्यात हयात घालवली होती. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, अडकलेल्या गादीकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा पन्नाशीला आला होता. तरी तो ताठ उभा राहिला.

"ही खोली कुणासाठी केली होती?"

गादीच्या पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी व्याह्यांच्या जागेवर बसलेय."

"छे छे! तुम्ही बसा हो. मला काय, माझं घर आहे," सासरे म्हणाले.

"मग मी काय रस्त्यावर आहे? मलाही घर आहे."

"तुम्ही आधी आलात."

"तुम्हाला आधी बोलावलं होतं. मी तर न बोलावता आले."

"अहो, दोघंही राहा की!" गादीमागून लेक ओरडली. "आम्ही झोपू हॉलमध्ये. काही बिघडत नाही आमचं!"

"तुम्ही जमिनीवर आणि आम्ही पलंगावर?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "नको गं बाई. उद्या हा तेही रेडिओवर सांगेल."

सासरे हसले. तेवढंच त्या सकाळचं हसणं. मग बाईंनी बॅगा भरल्या. सासऱ्यांनी 'राहा' म्हटलं, बाईंनी 'तुम्ही राहा' म्हटलं, आणि दोघांनीही एकमेकांचं इतकं मन राखलं की शेवटी घरात कुणीच राहिलं नाही. एकच टॅक्सी आली. कुंडी मांडीवर घेऊन बाई मागे बसल्या, सासरे ड्रायव्हरशेजारी. वळणावर टॅक्सी हळू झाली तेव्हा टॅक्सीच्या खिडकीतून आकडेशास्त्रींना दिसलं, की सासरे अंग मागे रेटून पाय दाबताहेत, जिथं ब्रेक नसतो तिथं.

आकडेशास्त्री परत आत आले. गादी वाकवून, खालून वाट काढून बायको बाहेर आली होती आणि हिरव्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती.

"झालं ना आता दोन्हीकडे सारखं?" ती म्हणाली.

आकडेशास्त्रींनी नकळत हिशेब करून पाहिला. तिचं म्हणणं बरोबर होतं. एक बोटवाली बाई आपल्या फ्लॅटमध्ये एकटी, एक खिंडवाला बाप आपल्या घरात एकटा. तीन पिढ्यांत कुठल्याही सरकारला जमलं नाही ते त्यांनी दोन मुलाखतींत करून दाखवलं होतं. दोन समाजांमध्ये आता तिळमात्र फरक उरला नव्हता.

'नमुना फार लहान आहे,' असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं आणि बायकोशेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून, बसून राहिले.