माणिकरावांची शेवटची जेवणं

परभणीहून राणीसावरगावला निघालेल्या एस.टी.त कंडक्टर माणिकराव चौथ्या बाकापाशी अडकले. तसे ते रोजच अडकत. पण त्या दिवशी नेमके पोखर्णीला तिकीट तपासणारे साहेब गाडीत चढले. माणिकरावांचं पोट दोन्हीकडच्या बाकांच्या दांड्यांत घट्ट बसलं होतं. पुढं सरकता येईना, आणि मागं सरायचं तर एका म्हातारीच्या मांडीवरची कोंबडी दबत होती. मागच्या सगळ्या बाकांवर माणसं बिनतिकिटाची बसली होती आणि मोठ्या मजेत हा प्रकार बघत होती.

"कंडक्टर, एवढी माणसं बिनतिकीट कशी?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तिकिटं हायेत. माणसंबी हायेत. मधात मी हाय."

उत्तर खरं होतं, पण खऱ्या उत्तरावर महामंडळ चालत नाही. केस झाली. ही तिसरी. डेपो मॅनेजरनी सरळच सांगितलं, "माणिकराव, चौथी केस आली की पेटी-बॅग जमा करायची आणि घरी बसायचं. मी काही करू शकणार नाही."

माणिकराव त्या रात्री जेवले नाहीत, यावरूनच त्यांना किती लागलं असेल ते समजावं. कंडक्टरकी हा त्यांचा जीव होता. घंटीची दोरी ओढली की एवढी मोठी गाडी आपल्या शब्दावर हलते, हे सुख राणीसावरगावात दुसऱ्या कुणाला होतं? पण पोट कमी होईना. भात सोडून झाला, पहाटे मारुतीला फेऱ्या घालून झाल्या, वैद्याचं कडू चूर्ण झालं. चूर्णानं तर भूकच वाढली. शेवटी परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, की मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोटच लहान करून देणारा एक डॉक्टर आहे.

दिवाळी झाल्यावर माणिकराव बायकोला, पंचफुलाला घेऊन मुंबईला गेले. डॉक्टरनी आधी त्यांना काट्यावर उभं केलं. एकशे सत्तावीस किलो.

"पोटाचा वाटीएवढा भाग ठेवायचा, बाकीचा टाके घालून बंद करायचा," डॉक्टर म्हणाले. "मग वाटीभर खाल्लं की पोट भरेल."

"कायमचं?" माणिकरावांनी घाबरत विचारलं.

"कायमचं. पण एवढ्या वजनाला भूल झेपणार नाही. आधी दहा किलो कमी करून या. संक्रांतीनंतरची तारीख देतो. दहा किलो उतरलं नसेल तर मी हात लावणार नाही."

पंचफुलानं घरी आल्या आल्या डब्यांना कुलपं लावली. सकाळी अर्धी भाकर आणि उकडलेला भोपळा, संध्याकाळी उकडलेला भोपळा आणि अर्धी भाकर. महिना संपायच्या आत गंगाखेडच्या मोंढ्यातल्या काट्यावर हमालांनी चार किलो उतरल्याचं जाहीर केलं. सगळं नीट चाललं होतं. माणिकरावांनी फक्त एक चूक केली. ऑपरेशनची गोष्ट त्यांनी ड्रायव्हर सटवाजीला सांगितली. सटवाजी गाडीला वेळेवर ब्रेक लावायचा, तोंडाला त्यानं कधी लावला नव्हता. दोन दिवसांत परभणीपासून राणीसावरगावपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला ती बातमी कळली.

आता बातमी काय, तर माणिकराव बारीक होणार. पण ती लोकांच्या ध्यानातच शिरली नाही. लोकांनी एवढंच ऐकलं, की माणिकरावांना यापुढं जन्मात पोटभर खाता येणार नाही. पोखर्णीहून रोज भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या दगडाबाईनं तर गाडीतच डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी तिनं पाटीतून भाजीऐवजी धपाटे, लोण्याचा गोळा आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

"मावशी, हे काय?" माणिकराव दचकून म्हणाले.

"तुझं केळवण, लेकरा."

"केळवण लग्नाच्या आदी करतेत, मावशी."

"हे त्याच्यापरीस मोठं हाय. नवरीला सासरीबी जेवाय मिळतंय. तुला कुटं मिळायचंय?"

"आवं, डॉक्टरनं दहा किलो कमी करून बोलवलंय मला!"

"मग व्हशील की कमी! जन्मभर वाटीभरच खायाचंय, त्यात कमीच व्हायचाय. आज खा."

या हिशोबात चूक कुठं आहे ते माणिकरावांना सापडेना. तरी त्यांनी मान हलवली. मग दगडाबाईनं आवाज चढवला. "माझ्या सुनंच्या पोटात दुखायलं तवा तू भरली गाडी दवाखान्याच्या दारात नेलीस. म्या नको नको म्हणत व्हते, तवा ऐकलं का माझं? मग म्या कामून ऐकू तुझं?" सगळी गाडी बघत होती. धपाट्यांचा वास सुटला होता. महिनाभर भोपळा खाल्लेल्या माणसानं यावर काय करावं? माणिकरावांनी खाल्लं, आणि खाताना त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं.

एकीचं खाल्लं म्हटल्यावर दुसरीला नाही म्हणायची सोय उरली नाही. "दगडाबाईचं चालतंय, अन् आमचं काय इटाळाचं हाय का?" असं जो तो विचारू लागला. थांब्याथांब्यावर खिडकीतून डबे आत यायला लागले. एक दिवस नामांतराच्या मोर्च्यामुळं गाडी गंगाखेडच्या अलीकडं थांबून राहिली, तर उतारूंनी शेजारच्या रानात आगटी पेटवली आणि माणिकरावांना हुरड्याला बसवलं. येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या अमावस्येला, वीरभद्रअप्पांनी रानात नेलं. राणीसावरगावात अप्पांचं किराणा आणि पेंडीचं दुकान. अंगानं ते माणिकरावांपेक्षा बोटभर जास्तच. भज्जी-भाकरीवर अप्पांनी अंबिलीचा चौथा लोटा ओतला. "माणिकराव, अंबील सोडून मानसानं जगावं तरी कसं, सांगा बरं," असं म्हणून त्यांनी स्वतःसाठी पाचवा भरला.

घरात पंचफुला तेवढी खंबीर होती. दारात आलेले डबे ती परत पाठवायची, बायकांशी भांडायची. पण संक्रांतीला तव्यासमोर बसली आणि तीही खचली. "सगळ्या मुलखाचं शेवटचं खाल्लं तुमी. माझ्या हातचंच तेवढं राहिलं," म्हणत हुंदके द्यायला लागली. तिला गप्प करायला माणिकरावांनी तिळाची एक पोळी खाल्ली. ती गप्प होईपर्यंत सहा झाल्या.

मुंबईला निघाले त्या दिवशी गाडीला हार घातला होता. बायकांनी पंचफुलाची ओटी भरली, सटवाजीनं नारळ फोडला, दगडाबाईनं नृसिंहाचा अंगारा लावला. आणि मुंबईच्या दवाखान्यात काटा एकशे अडतीसवर जाऊन थांबला.

डॉक्टरनी कागदाकडं पाहिलं, मग काट्याकडं, मग माणिकरावांकडं. "मी कमी करून यायला सांगितलं होतं."

"व्हय साहेब," माणिकराव खाली मान घालून म्हणाले. "निरोपानिरोपात राहून गेलं."

डॉक्टरनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतताना मनमाडला गाडी बदलायची होती. माणिकराव फलाटावर ट्रंकेवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. नोकरी तर गेल्यातच जमा होती. पण त्याहून मोठा प्रश्न होता, की मुलखाचं केळवण खाऊन लग्न न करता परत आलेल्या माणसानं गावात तोंड कसं दाखवायचं?

पंचफुलानं नाक पुसलं. "झालं म्हून सांगायचं."

"काय झालं?"

"आप्रेशन."

"अन् टाके?"

"टाके आतून असतेत म्हून सांगायचं. तुमचं पोट उघडून बगायला कोन येतंय?"

औरंगाबादला तिच्या भावाकडं त्यांनी काही दिवस लपून काढले. चेहरा उतरलेला दिसला पाहिजे म्हणून पंचफुलानं तिथंच भाताची पेज सुरू केली. मग दोघं गावात आले, आणि माणिकरावांच्या खऱ्या हालांना सुरुवात झाली.

ज्या लोकांनी कोंबून कोंबून खाऊ घातलं होतं, तेच आता पहाऱ्यावर बसले. हातात केळ दिसलं की दगडाबाई ते हिसकावून घ्यायची. "टाके तुटतील की रं! मराय निघालास का?" गंगाखेडच्या स्टँडवरचा हॉटेलवाला भज्यांची पुडी देईना. "जेलात घालता का मला, माणिकराव? पोरंबाळं हायेत मला." सटवाजीनं स्वतःच्या पैशानं एक स्टीलची वाटी आणून गाडीत ठेवली आणि दुपारी डब्यातलं तो स्वतः मोजून वाढायचा. लग्नकार्यात माणिकरावांना मुद्दाम मधोमध बसवत, आणि वाटीभर खाऊन त्यांनी हात धुतला की लोक एकमेकांना दाखवत, "बगा, भरलं! सायन्स म्हंत्यात ते हे!"

सायन्सच्या पोटात त्या वेळी कावळे कोकलत असत. एकदा दौंडीच्या चढावर एवढा गुरगुराट झाला, की सटवाजीनं गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं.

घरी तरी खावं, तर शेजारणी उठता बसता तब्येत विचारायला येत. फोडणीचा वास गल्लीभर जाई. माणिकरावांनी एकदा हात जोडले, तर पंचफुला म्हणाली, "खोटं म्या बोलले. निभवायचं तुमी. इज्जतीचा सवाल हाय." आणि तिनं वाटी पुढं सरकवली. ऑपरेशन झालेल्या माणसाला निदान भूक तरी लागत नाही. माणिकरावांच्या नशिबी वाटी तेवढी आली आणि भूक होती तशीच राहिली. यापेक्षा खरंच कापलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटे.

वजन मात्र उतरत गेलं. चौथं बाक सुटलं, मग सहावं, आणि दसऱ्याच्या सुमाराला माणिकराव गाडीच्या अगदी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन तिकीट फाडून आले. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. चौथी केस झालीच नाही. डेपो मॅनेजरनी पाठ थोपटली. माणिकरावांना काडीचा आनंद झाला नाही. त्यांच्या मनात आता एकच इच्छा उरली होती. कुणी ओळखत नाही अशा गावाला जावं आणि एकदा, फक्त एकदा, पोट फुटेस्तोवर जेवावं. पण त्यांच्या रस्त्यावर कुत्रीसुद्धा त्यांना ओळखत होती.

अशात वीरभद्रअप्पा दारात आले. सोबत त्यांची बायको मल्लम्मा. "माणिकराव, मलाबी त्याच डॉक्टरकडं न्या. तुमच्यासारकं करून घ्यायचंय."

माणिकरावांचं ड्युटीचं निमित्त सांगून झालं, कंबरदुखीचं सांगून झालं. मल्लम्मानं पंचफुलाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. माणिकराव नाहीच म्हणणार होते, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "जायाला मनमाडला गाडी बदलावी लागती म्हणे."

मनमाड. तिथं त्यांना कोण ओळखत होतं? "येतो," माणिकराव म्हणाले.

जाताना अप्पा सारखे शेजारी होते, त्यामुळं काही जमलं नाही. दवाखान्यात अप्पांना आत पाठवून बाहेरच थांबायचं, असं माणिकरावांनी ठरवलं होतं. पण अप्पांनी दंडाला धरून आत नेलं. डॉक्टर बघतच राहिले.

"तुम्ही ते कंडक्टर ना? वजन वाढवून आलेले? मी तर तुम्हाला परत पाठवलं होतं. ऑपरेशन कुणी केलं?"

अप्पांनी सावकाश मान वळवली. माणिकराव पुटपुटले, "कुनीच न्हाई, साहेब."

"मग एवढं उतरलं कसं?"

"लोकांच्या भेवानं."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मग अप्पांना काट्यावर उभं करून म्हणाले, "तुम्ही आधी पंधरा किलो कमी करून या."

परतीच्या गाडीत अप्पा पाठ करून आडवे झाले. माणिकराव खिडकीला डोकं टेकून बसले होते. आता गावभर होणार, दगडाबाई तोंड फिरवणार, पंचफुलाला पाणवठ्यावर जाता येणार नाही. मनमाडला उतरल्यावर अप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माणिकराव."

"मारा मला, अप्पा."

"मारू कामून? गावात काय सांगायचं ते ठरवायलोय." अप्पांनी इकडं तिकडं बघितलं. "माझंबी झालं म्हून सांगायचं."

माणिकरावांना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. अप्पा पुढं म्हणाले, "उद्यापासून वाटी. आज हितं कोन वळखतंय? चला, पोटभर जेवू."

स्टेशनसमोरच्या खानावळीत दोन ताटं आली. गरम पोळ्या, वर तुपाची धार, बटाट्याची भाजी, वरण, भात, दोन-दोन जिलेब्या, कांदा, पापड. जवळजवळ वर्षभर माणिकराव याच ताटाची स्वप्नं पाहत होते. ना दगडाबाई, ना सटवाजी, ना शेजारणी. त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. मग दुसरा. पोळी संपली. थोडा भात झाला. जिलेबीचा एक तुकडा मोडला, तोंडाशी नेला, आणि हात तिथंच थांबला.

ते पाणी प्यायले. त्यांनी पट्टा सैल केला. जरा वेळ थांबून पुन्हा तो तुकडा उचलला. जाईना. पोटात खरोखरच तिळाएवढी जागा नव्हती. माणिकराव भरल्या ताटाकडं बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. समोर अप्पांची चौथी पोळी चालली होती.

वाढपी पोळ्यांची चळत घेऊन आला. "घ्या की काका, लाजताय काय? ताट तसंच आहे सगळं."

माणिकरावांनी ताट अप्पांकडं सरकवलं.

"नको बाबा," ते म्हणाले. "माझं आप्रेशन झालंय."