एकशे चारचा शब्द

ये, अशी जवळ बस. जेवणाला अजून वेळ आहे. लग्नकार्यातच दिसतेस मेली, वर्षभरात लालबागला फिरकली नाहीस. आणि काय गं, काल फोनवर 'फ्युरियस' झालीस ती कशावर? डोसा गार आला म्हणून? तेवढ्यासाठी एवढा मोठा शब्द? आमच्या गावडेभावजींनी तुला तिथल्या तिथे खोडलं असतं.

गावडेभावजी आमचे शेजारी. चाळ होती तेव्हाही आणि आता टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावरही. मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. साहेबांची रागाची पत्रं टाइप करण्यात जन्म गेला, त्यामुळे इंग्रजी रागाची भारी पारख. त्यांचं म्हणणं, राग तापासारखा मोजायचा. 'ॲनॉइड' म्हणजे नव्याण्णव, गोळी घ्या नि झोपा. 'अँग्री' म्हणजे एकशे एक. आणि 'फ्युरियस' म्हणजे एकशे चार! माणूस बरळतो, समोर कोण आहे तेही कळत नाही त्याला. "वहिनी, एकशे चार रोज चढला तर माणूस वाचेल का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, पाणी दहा मिनिटं उशिरा आलं, आय ॲम फ्युरियस, की खाली भावजींचा निकाल हजर: "ताप नव्याण्णव. शब्द मागे घ्यावा." तिसऱ्या मजल्यावरची हेमा, दादरला मासे विकते, ती एकदा जिन्यातच भिडली. "राग माझा हाय, तुमी कोन मोजनार?" भावजी शांतपणे म्हणाले, "एकशे एक. हा चालेल."

मग ती मंगळवारची सकाळ आली. दोन्ही लिफ्ट शनिवारपासून बंद. भावजींच्या बायकोचं, शालूताईंचं डायलिसिस होतं. लिफ्ट आत्ता सुरू होईल, मग होईल, असं करत शनिवारचं चुकलं होतं. पाय सुजून टम्म, श्वास लागलेला. हॉस्पिटलात साडेदहाला पोचायलाच हवं, आणि लिफ्टवाला म्हणे पार्ट संध्याकाळी येईल.

आम्ही सगळे त्यांच्या दारात. "भावजी, आज लिहा फ्युरियस! आज नाही तर कधी?" मीच ओरडले. त्यांनी फोन घेतला. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. आतून शालूताईंची धाप दारापर्यंत ऐकू येत होती. साडेनऊ वाजले.

"नाही होत, वहिनी," ते म्हणाले. "ताप नाहीच आलाय. अंग गार पडलंय माझं."

आणि ग्रुपवर साध्या मराठीत लिहिलंनीत: "शालूला खाली कसं नेऊ? मला भीती वाटते. कुणी येता का?"

पहिली वर आली ती हेमा. अकरा मजले चढून, वाटेतली सगळी दारं बडवत. शालूताईंना खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं, चौघांनी उचललं. तेराव्यावर दुसरे चौघे उभे, बाराव्यावर आणखी चौघे. प्रत्येक मजल्याने आपापला जिना उतरवून दिला. वळणावर खुर्ची कलली की मी मागून तिची पाठ धरायचे. भावजी पुढे, मान मागे वळवून, "सावकाश, सावकाश!" हेमा करवादली, "ओ गावडे, पुढं बघा! नायतर तुमालापन उचलावं लागंल!"

आठव्यावर माणसं बदलताना शालूताईंनी माझा हात धरला. "लग्न नवीन होतं, तेव्हा ह्यांनी रागात ताट भिरकावलंनीत. इथे कपाळाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून हे मोजणं सुरू झालं. घरात कधी शंभरावर गेले नाहीत गं पुन्हा."

खाली टॅक्सी उभी होती. वेळेत पोचल्या. त्यानंतर दीड वर्षं होत्या आमच्यात.

त्या गेल्यापासून भावजी ग्रुपवर गप्प. पाणी, कचरा, पार्किंग, सगळे खुशाल फ्युरियस होतात, कुणी खोडत नाही. हेमा तर मुद्दाम रोज एकदा होते. भावजी नुसतं वाचतात.

म्हणून म्हणते, या रविवारी ये. माझ्याकडचा चहा नंतर, आधी त्यांचं दार वाजव. आणि तो गार डोशाचा राग तसाच घेऊन ये गं. सांग त्यांना, काका, मी फ्युरियस झालेय. अगदी तोंडावर सांग. त्यांना खोडायला कुणीतरी हवंय.